धुक्यातला पान्हा

खोटं सांगून मला काय मिळणार आहे, ते आधी सांगा.

यात माझी सख्खी बहीण आहे. तिचं बाळ आहे. स्वतःच्या बहिणीच्या बाळावर कुणी गोष्ट रचतं का?

तुमच्या या भुताखेतांच्या अनुभवांच्या पानावर बहुतेक जण रात्रीचं सांगतात. अंधार, विझलेला दिवा वगैरे. आमच्याकडे घडलं ते सकाळी. चांगलं उजाडलं होतं. फक्त दिसत काही नव्हतं.

धुकं होतं.

आमच्या जिद्दतच्या वाळवंटी माळावर पाऊस वर्षानुवर्षं फिरकत नाही. धुकं मात्र येतं. समुद्राकडून येतं आणि असं बसतं की आपलाच हात आपल्याला शोधावा लागतो. त्यावरच सगळी जगतात. बाभळी, शेळ्या, हरणं आणि आम्ही. रात्री झुडपांवर घोंगड्या टाकून ठेवायच्या आणि सकाळी पिळून पातेलं भरायचं. लहानपणापासून हेच करतेय मी. धुक्याची भीती कधी वाटली नव्हती.

मी नस्रा. आमचे हे, सालमीन, अभयारण्यात गार्ड आहेत. पांढऱ्या ओरिक्स हरणांच्या मागे माळभर फिरायचं, हे त्यांचं काम. कोण कुठे चरतंय, कोण व्यालंय, कोण दिसलं नाही. ठसा बघून सांगतात की ही अमकी, हा तमका. मला म्हणतात, तू चिडलीस की मला तुझ्या पावलांवरूनच कळतं. कळतं ना? मग नेमके त्याच दिवशी उशिरा घरी येतात.

माझी धाकटी बहीण मुझ्ना. तिचा नवरा बखीत. आमचे तंबू एकाच बाभळीखाली, बोललेलं ऐकू जाईल इतके जवळ.

बखीतच्या हातात कला आहे, असं सगळा माळ म्हणायचा.

मी म्हणते, जळो ते हात.

त्याची कला काय, ते सांगते. उंटिणीचं पिल्लू मेलं की ती पान्हा चोरते. दूध आटतं. मग त्या मेलेल्या पिल्लाचं कातडं काढायचं, त्यात सुकं गवत भरायचं, शिवायचं आणि उंटिणीपुढे आणून ठेवायचं. ती वास घेते. चाटते. पान्हा सोडते. मग खाली बसून माणसाने दूध काढून घ्यायचं. आमच्याकडे हे सगळेच करतात, कुणाला त्यात काही वाटत नाही. मीही ते दूध प्यायलेय.

पण बखीतने शिवलेलं पेंढ्याचं पिल्लू पाहिलं की माणूससुद्धा फसायचा. शिवण कुठे आहे, ते सापडायचं नाही. लांबलांबून लोक त्याला न्यायला यायचे. मग तो आठवडाभर मान ताठ करून फिरायचा.

मुझ्नाच्या पोटी मूल टिकत नव्हतं. राहायचं आणि जायचं. शेवटचं गेलं तेव्हा ती रडलीसुद्धा नाही. माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, ताई, अल्लाला एकदाच दे म्हणावं, पुन्हा काही मागणार नाही. मला चार पोरं, आणि तिला एक नाही.

आणि मग तिला पुन्हा दिवस गेले. या वेळी टिकलं. आम्ही सगळे तिला फुलासारखं जपत होतो.

तेव्हाच बखीतने ते केलं.

हे मला मुझ्नाने फार नंतर सांगितलं. पण तुम्हाला आत्ताच सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

उत्तरेकडच्या कुणा श्रीमंताला आपल्या बागेत बांधायला ओरिक्सची जिवंत मादी हवी होती. बखीतला हवी होती नवी पिकअप. त्याच्या जुन्या गाडीला लोक हसतात, असं त्याला वाटायचं. हसत नव्हतं कुणी. कुणाला वेळ होता?

मादी धरणं सोपं नाही. वाऱ्यासारखी पळते, आणि शिंगं म्हणजे दोन भाले. पण नुकती व्यालेली मादी एका जागी परत येते. पाडसाला ती झुडपाखालच्या खळग्यात लपवते, दूरवर चरायला जाते आणि पाजायला फिरून तिथेच येते.

तेव्हा अर्जा व्याली होती. अर्जा म्हणजे लंगडी. मागच्या एका पायाचा खूर ती जरा ओढत चालायची, म्हणून आमच्या ह्यांनीच ते नाव ठेवलेलं. ह्यांची फार लाडकी. मी म्हणायचे, माझ्याहून तिचीच चौकशी जास्त करता.

बखीत त्या खळग्यापाशी गेला. जवळ लपून बसलं तर जिवंत पाडस माणसाच्या वासाने उठून पळतं.

पेंढ्याचं पळत नाही.

त्याने त्या एवढ्याशा पाडसाची मान मुरगळली. कातडं काढलं. गवत भरलं, शिवलं आणि होतं तसं खळग्यात निजवून ठेवलं. मग जाळं घेऊन धुक्यात दबा धरून बसला.

अर्जा आली. तिने वास घेतला. चाटलं. मग पाय फाकवून उभी राहिली, आणि दूध त्या मेलेल्या तोंडावर ठिबकायला लागलं.

तेव्हा याने जाळं टाकलं.

"जाळ्यात पडली तरी चाटतच होती, येडी," असं सांगून तो मुझ्नापुढे हसला. पोटुशी बायको समोर बसलेली, आणि हा हसतोय. मला हे आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

चारी पाय बांधून त्याने तिला पिकअपमध्ये टाकलं, वर ताडपत्री घातली. घेणारे यायचे होते, ते आलेच नाहीत. धुकं गेलं, ऊन चढलं. हा सावलीत बसून वाट बघत राहिला. पाण्याचा थेंब तिला दाखवला नाही. ताडपत्रीखाली ती दिवसभर तडफडली आणि मेली. याने तिला माळावर टाकून दिलं आणि आपली नवी पिकअप हुकली म्हणून तणतणत घरी आला.

आमच्या ह्यांना ती सापडली. पायांवर दोराचे वळ होते, जीभ काळी पडलेली. ह्यांनी स्वतःच्या हाताने तिला दगडांखाली पुरलं. घरी आले आणि जेवले नाहीत. वाऱ्याने ठसे पुसले होते, त्यामुळे कुणी केलं ते कळायला मार्ग नव्हता. आणि बखीत आमच्यातच बसून, आमचाच कहवा पीत, आमचेच खजूर खात त्या चोरांना शिव्या घालत होता.

मग मुझ्ना बाळंत झाली. मुलगा झाला. नाव ठेवलं गैथ.

काय आवाज त्या पोराचा! पहाटे रडायला लागलं की आमच्या तंबूत माझी पोरं उठून बसायची. आमचे हे म्हणायचे, याला वायरलेसवर बसवा, बॅटरीची गरज नाही. मुझ्ना हसायची. किती वर्षांनी हसत होती. बाळाला क्षणभर खाली ठेवत नव्हती.

त्या सकाळी तिने ठेवलं.

बाळंतपणाचे दिवस नुकतेच सरले होते. धुकं पडलं होतं, आणि मी काही चल म्हटलं नव्हतं, बरं का, ती आपणहून उठली. ताई, किती दिवस तू एकटी घोंगड्या पिळणार, म्हणाली. गैथ दूध पिऊन गाढ झोपला होता. त्याला गुंडाळून तिने तंबूत निजवलं आणि माझ्याबरोबर बाहेर आली. बखीत टँकरकडे गेला होता. आमचे हे निघायच्या तयारीत होते.

आम्ही दोघी दोन झुडपांपाशी. एकमेकींना दिसत नव्हतो, पण तोंड चालू होतं. ती सांगत होती, गैथचं नाक आमच्या बाबांवर गेलंय. मी म्हटलं, त्याच्या बापावर गेलं नाही हे नशीब समज.

बोलता बोलता माझं लक्ष तिच्या तंबूकडे गेलं.

दाराशी पांढरं काहीतरी उभं होतं…

उंच. स्तब्ध.

मला वाटलं, मुझ्नाच आहे. डोक्यावरून पांढरी घोंगडी घेऊन बाळाला बघायला गेली असेल. मी म्हटलं, अगं, तिथे काय खांबासारखी उभी राहिलीस, ये, हे टोक धर.

हललं नाही.

"बहिरी झालीस का गं?"

आणि माझ्या पाठीमागून आवाज आला…

"ताई, कुणाशी बोलतेस?"

मुझ्नाचा.

घोंगडीचं टोक हातात तसंच राहिलं. समोरच्या पांढऱ्याने मान खाली घातली. तेव्हा त्याच्या डोक्यावर दोन लांब, सरळ काठ्या दिसल्या. मग धुकं दाटलं, आणि काही दिसेना.

फक्त आवाज येत होता.

चप… चप… चप…

शेळ्या ताडपत्रीवरचं पाणी चाटतात, तेव्हा अस्साच आवाज येतो. मी स्वतःला तेच समजावलं. मुझ्नाला म्हटलं, तुझ्या शेळ्या सुटल्यात बहुतेक, तंबू चाटतायत.

ती म्हणाली, "शेळ्या सगळ्या इथे माझ्याजवळ आहेत."

एकही शेळी ओरडत नव्हती. सगळ्या अंगाला अंग लावून तिच्या पायांशी दडल्या होत्या.

चाटण्याचा आवाज थांबला…

एवढ्यात गैथ उठायला हवा होता. रोज याच वेळी उठायचा. आम्ही दोघी कान देऊन उभ्या राहिलो. रडू आलं नाही.

मुझ्ना धावली. मी तिच्या मागे.

तंबूत गुंडाळलेलं कापड होतं तसंच होतं. गुंडाळलेलंच. आत बाळ नव्हतं. कापड अजून ऊबदार होतं, आणि ओलं.

तिची किंकाळी मी या जन्मात विसरणार नाही.

आमचे हे धावत आले. दाराशी उकिडवे बसले. धुक्यात माती ओली असते, ठसा छापल्यासारखा उमटतो. माणसाचा ठसा नव्हता. लांडग्याचा नव्हता. खुराचे होते. एकाच जनावराचे. आलेले आणि गेलेले.

बराच वेळ झाला तरी हे उठेनात. मी खांद्याला हात लावला.

"ही अर्जा आहे," म्हणाले.

मी म्हटलं, अहो, काय बोलताय, तुम्हीच पुरलीत ना तिला.

"पुरली. तरी ही तीच आहे. बघ, खूर ओढलाय."

ठसे धरून आम्ही निघालो. पुढे हे, मागे आम्ही दोघी. मुझ्ना गैथच्या नावाने हाका मारत होती, धुकं त्या गिळत होतं. वाटेत बखीत भेटला, पाण्याचे डबे टाकून तोही आला. ठसे एका झुडपापाशी गेले. त्याच्या मुळाशी खळगा होता.

खळग्यात गैथ होता.

उघडाच, कुशीवर निजलेला. डोळे उघडे. डोक्यावरचे केस चाटून चाटून एका बाजूला चापून बसवलेले. ओठांवर दूध.

मुझ्नाने झडप घालून त्याला उचललं आणि तिथेच बसून छातीशी धरलं. रडत होती, हसत होती, माझ्या हाताचे मुके घेत होती. मीही रडले. आमचे हे सारखे अल्लाचे आभार मानत होते.

बखीत मात्र त्या खळग्याकडे बघत उभा होता. तोंड पांढरंफटक. तेव्हा मला वाटलं, बापाचं काळीज आहे, घाबरला असेल बिचारा.

बिचारा कसला!

त्या दिवशी आम्ही बकरा कापला. सगळा माळ जेवायला आला. बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरलं. गर्दीत, गोंधळात कुणाच्या लक्षात आलं नाही…

ते रडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी नाही. माझी पोरं सकाळी उशिरापर्यंत झोपू लागली. मी मुझ्नाला म्हटलं, जरा गप्पच झालंय गं पोर. ती म्हणाली, शहाणं झालंय. माझ्याकडे न बघता म्हणाली.

छातीला लावलं की तोंड उघडायचं. पण गिळल्याचा आवाज नाही. दूध ओठांवरून ओघळून तिच्या कपड्यांवर सांडायचं. कापड कधी ओलं करायचं नाही. डोळे उघडे असायचे, आणि तुम्ही इकडून तिकडे गेलात तरी ते तुमच्यामागे वळायचे नाहीत.

एकदा ती जेवत असताना मी त्याला उचललं.

हलकं…

इतकं हलकं, की ताकद लावून उचलायला गेले आणि माझा तोल गेला. मानेशी नाक नेलं. बाळाच्या मानेला कसा गोड, आंबूस वास असतो. तो नव्हता. सुक्या गवताचा वास येत होता. मी घाईघाईने त्याला परत दिलं आणि बाहेर जाऊन बसले. कुणाला काय सांगणार?

त्याच संध्याकाळी बखीतने त्याला मांडीवर घेतलं. इतके दिवस तो बाळाच्या जवळ फिरकत नव्हता. त्याने बाळाला पालथं केलं आणि बोट पाठीवरून वर न्यायला लागला. मणक्यावरून. हळूहळू. मानेपाशी बोट थांबलं.

पुन्हा खाली आणलं. पुन्हा वर.

मी समोर होते. त्याचा चेहरा मी बघितला. कारागीर दुसऱ्याचं काम बघतो, तसा बघत होता.

"हे मी केलेलं नाही," हळूच म्हणाला. "इतकं बारीक मला जमत नाही."

मग उठून बाहेर गेला आणि भडाभडा ओकला.

मुझ्नाने बाळाला उचललं, सुलटं केलं आणि छातीशी घेतलं. तिने काही विचारलं नाही. मी मात्र रात्रभर तिच्यामागे लागले, तेव्हा तिने मला अर्जाचं सगळं सांगितलं. मी तिथल्या तिथे बखीतला फाडून खाल्लं असतं, पण तो गाडी घेऊन निघून गेला होता.

दोन-तीन दिवसांनी आमचे हे माळावरून आले ते सरळ माझ्यापाशी. मुलांना बाहेर पाठवलं. आवाज खाली आणून म्हणाले, हिलालच्या आई, तुला एक सांगतो, पण मुझ्नापर्यंत जाता कामा नये.

अर्जाचे ठसे पुन्हा दिसले होते. आणि तिच्या पोटाखाली, चार खुरांच्या मधोमध, मातीत एक एवढासा खळगा होता. त्यात बाळाच्या टाचांचे ठसे. पाजताना पोर जशा टाचा झाडतं, तसे.

म्हणजे तो जिवंत होता. आमचा गैथ माळावर होता, आणि आम्ही भलतंच काहीतरी घरी आणून बकरा कापला होता.

बखीतलाही हे कळलं; घरी न येता तो माळावरच फिरत होता, ठसे त्यालाही दिसले असणार. आमचे हे सगळीकडे शोधत फिरायचे, तसाच तोही शोधत होता. पण शोधून सापडेना. मग त्या माणसाने काय केलं माहीत आहे? त्याला एकच गोष्ट येत होती.

तीच केली.

धुक्याची पहाट होती. मुझ्नाचा डोळा लागला असताना तिच्या कुशीतलं ते त्याने उचललं. त्या खळग्यात नेऊन ठेवलं. जाळं घेऊन दबा धरला. अर्जा त्याला पाजायला येईल, मागोमाग खरा गैथही येईल, असा त्याचा हिशोब असणार.

मुझ्नाच्या ओरडण्याने आम्ही जागे झालो. आमचे हे लगेच ओळखून चुकले. धावत गेलो. झोप लागून तास-दीड तास झाला असेल-नसेल, असं मुझ्ना सांगत होती.

दूरवरून आवाज आला…

चप… चप… चप…

पोहोचलो तेव्हा थांबला.

बखीत खळग्याशेजारी पडला होता. स्वतःच्याच जाळ्यात. हातपाय एकत्र आवळलेले, चारी एका जागी. गाठ त्याचीच होती, तो जनावरांना मारतो तशी. ओठ फाटलेले, जीभ काळी पडून बाहेर आलेली. डोळे खोल गेलेले. उन्हात कित्येक दिवस पाण्यावाचून पडलेलं जनावर दिसतं, तसा दिसत होता.

आणि त्याचे कपडे धुक्याने चिंब भिजले होते. बाहीतून पाणी ठिबकत होतं. त्याच्या तोंडापासून वीतभर लांब.

खळगा रिकामा होता. ते बाळ नव्हतं तिथे.

आम्ही मागे वळून पाहिलं तर मुझ्ना जमिनीवर बसली होती. मांडीवर ते. तिने ते कुठून उचललं, कुणी दिलं, मला माहीत नाही. आम्ही तिघं बरोबर आलो होतो, आणि येताना तिचे हात रिकामे होते. ती ओढणी पुढे घेऊन त्याला पाजत होती. मेलेल्या नवऱ्याकडे तिने एकदाच पाहिलं.

पोलीस आले. कागद झाले. तहानेने मेला, असं लिहिलं. धुक्यात, पाण्याने भिजलेला माणूस तहानेने मेला. लिहिणाऱ्याने दोनदा आमच्याकडे बघितलं, मग तेच लिहिलं.

याला आता बरीच वर्षं झाली.

आमच्या ह्यांना ठसे अजून दिसतात. आधी गुडघे आणि पंजे होते. मग डगमगती पावलं. आता धावतात. अर्जाच्या खुरांशेजारी, अनवाणी. गेल्या हिवाळ्यात ह्यांनी बोटांनी माप घेतलं, पाऊल आमच्या हिलालच्या जुन्या चपलेएवढं भरलं. गैथ आता तेवढाच असता. ह्यांनी किती पहाटा तिथे बसून काढल्या. दिसत काही नाही. धुकं सरलं की ठसे तेवढे उरतात.

आणि मुझ्नाच्या मांडीवरचं ते…

ते तेवढंच आहे. तसूभरही वाढलेलं नाही.

माळावरचे लोक तिच्या तंबूकडे येत नाहीत. वेडी म्हणतात तिला. एक-दोघा म्हाताऱ्यांनी सुचवलं की ते पुरून टाकावं. पण हात लावायला कुणी पुढे आलं नाही. मी रोज जाते. माझी बहीण आहे, मी नाही जाणार तर कोण जाईल?

मनात एकच बोच होती. ही फसलीय. हिचं पोर बाहेर फिरतंय आणि ही गवत पाजत बसलीय. सांगावं तर जीव देईल, न सांगावं तर मी कसली बहीण? ह्यांनी शपथ घातली होती. तरी या वर्षी मला राहवलं नाही. एका सकाळी धुक्यात आम्ही दोघी घोंगड्या पिळून बसलो होतो. तिच्या छातीशी ते होतं.

मी म्हटलं, "मुझ्ना, तुला एक सांगायचंय. हे… हे जे आहे ना…"

तिने वर पाहिलं.

"ताई, उंटिणीला कळत नाही असं वाटतं तुला?"

मी पातेलं बाजूला सरकवलं.

"वास घेते ना ती. पहिल्या दिवशीच कळतं तिला. पण पान्हा दाटला की फार दुखतं गं. कुणाला तरी द्यावाच लागतो."

मी विचारलं, "आणि गैथ?"

तिने त्याचे, म्हणजे त्याचे नाही, मांडीवरच्याचे केस सारखे केले. एका बाजूला, चापून.

"त्याला मी भेटले," म्हणाली. "मागच्या धुक्यात. अगदी समोर आला होता. किती उंच झालाय, ताई. नाक बाबांचंच. मी हाक मारली. हात पुढे केले."

"मग?"

"घाबरला. माझ्याकडे बघून ओरडला आणि पळत जाऊन तिच्या पोटाखाली शिरला. तिने त्याला चाटलं, तेव्हा शांत झाला."

एवढं बोलून ती उठली. शेळ्यांकडे जायचं होतं. जरा धर म्हणून तिने ते माझ्या मांडीवर ठेवलं आणि धुक्यात गेली.

मी हात लावणार नव्हते. पण खाली पडेल म्हणून धरलं. हलकं होतं, पहिल्यासारखंच. तोंड उघडं होतं. माझी पोरं मोठी झालीत, धाकटीचंही दूध सुटून किती वर्षं झाली. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते…

आणि माझी छाती दाटून आली. झगा पुढून भिजला.

धुक्याचं पाणी असेल, असं मी मनाला सांगितलं. पण ते ऊबदार होतं. तेव्हापासून धुकं पडलं की रोज येतं, आणि दुखतं. मी कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनासुद्धा नाही.